चाकाला मनाई असलेले गाव

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी नगर परिषदेच्या कचेरीत जाऊन विकास आराखड्याचा नकाशा उलगडून पाहिला, तर त्यात हिरव्या रंगाने भरलेले काही तुकडे हमखास आढळतात; एकावर उद्यान असे लिहिलेले असते, दुसऱ्यावर क्रीडांगण, तिसऱ्यावर नुसतीच खुली जागा; आणि नकाशा पुन्हा गुंडाळून त्या जागी प्रत्यक्ष जावे, तर तेथे वाळूचे ढीग, भंगाराची वखार किंवा मूळ मालकाने चोहोबाजूंनी ओढलेले तारेचे कुंपण दृष्टीस पडते. ह्याचा दोष आपण सामान्यतः कारभाऱ्यांच्या नियतीला देऊन मोकळे होतो; परंतु त्यात कायद्याच्या स्वभावाचाही बराच वाटा आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे १२७ वे कलम असे सांगते की, आरक्षणाखाली घातलेली जमीन आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ताब्यात घेतली गेली नाही, तर मालकाने ती खरेदी करण्याविषयी नोटीस द्यावी, आणि तिच्यावर विहित मुदतीत हालचाल झाली नाही, तर आरक्षण आपोआप व्यपगत व्हावे. मालकाच्या बाजूने पाहता ही तरतूद न्यायाचीच आहे, कारण कोणाची मिळकत जन्मभर कागदावर जखडून ठेवण्याचा अधिकार सरकारलाही असू नये. परंतु ज्या नगर परिषदेला नोकरांचा पगार वेळेवर देताना धाप लागते, तिने बाजारभावाने जमीन विकत घेऊन तेथे हिरवळ लावावी ही अपेक्षाच मुळी अवास्तव असते, आणि सरकारी कामकाजाच्या गतीने मोजली असता दहा वर्षे हा काळ फार थोडा ठरतो. जी गत आरक्षणांची तीच गायरानांची. महसूल दप्तरात गावाच्या गुरांसाठी म्हणून नोंदलेली ही जमीन सर्वांची असल्यामुळे तिची राखण करणारा कोणीच उरला नाही, आणि गुरे कमी होत गेली तसतशी ती वस्त्यांनी, शेतांनी व क्वचित सरकारी इमारतींनीही व्यापली.

ह्या सर्व प्रकरणांत एक गृहीत समान आहे. गाव म्हणजे बांधलेली जागा, आणि मोकळी जागा म्हणजे त्या बांधकामातून वगळून ठेवलेला अपवाद. अपवादाचे रक्षण करण्यास सतत पैसा, सतत जागरूकता आणि सतत भांडण्याची तयारी लागते, आणि ह्या तिन्ही गोष्टी लहान गावाजवळ एकाच वेळी क्वचितच असतात. हेच गृहीत उलटे करून पाहिले, म्हणजे मोकळे रान हा नियम आणि घर हा अपवाद मानला, तर काय होईल, ह्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने नेरळ स्थानकावर उतरावे आणि मान वर करून पाहावे.

माथेरानचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० फूट उंच असून सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून तो सुटा पडलेला आहे. दक्षिणोत्तर पसरलेला मधला मोठा माथा, पूर्वेकडे निघालेली गार्बटची सोंड आणि पश्चिमेकडची पॉर्क्युपाइनची धार अशी त्याची ढोबळ रचना सांगता येईल. खाली काळा कातळ आणि वर जांभ्याचा थर, ह्यामुळे माथ्यावरची माती लाल, सच्छिद्र आणि भुसभुशीत आहे. ह्या मातीची कैफियत पुढे विस्ताराने सांगायची आहे. पाऊस वर्षाला दोनशे इंचांच्या घरात पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे गावाची वस्ती ४,३९३. गिरिस्थान नगर परिषदेची हद्द सुमारे सात चौरस किलोमीटरांची. एवढ्याशा हद्दीत बाजारपेठ आहे, शाळा आहेत, दवाखाना आहे, हॉटेले आणि पारशी व गुजराती धनिकांचे जुने बंगले आहेत. आणि तरीही गार्बटच्या वाटेवरून मागे वळून पाहणाऱ्याला झाडांच्या शेंड्यांखेरीज फारसे काही दिसत नाही.

इंग्रजी अमदानीतील वृत्तांतांत ह्या डोंगराचा ‘शोध’ ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट ह्याने १८५० च्या मे महिन्यात लावला असे लिहिलेले आढळते. चौक येथे मुक्काम असताना तो वर चढून गेला, वरची हवा आणि झाडी पाहून मोहित झाला, आणि त्याने परत येऊन राहण्यापुरते घर बांधले, एवढे खरे आहे. परंतु ज्या वाटेने तो चढला ती वाट कोणाची होती हा प्रश्न त्या वृत्तांतांना पडलेला नाही. डोंगराच्या पायथ्याला आणि उतारांवर ठाकूर, कातकरी आणि धनगर ह्यांच्या वाड्या होत्या. लाकूड, मध, हिरडा, करवंदे आणि दूध ह्यांच्या पाठीमागे त्यांची पावले पिढ्यान्‌पिढ्या वर-खाली होत आलेली होती. आज पनवेलच्या अंगाने धोदाणीहून सूर्यास्ताच्या पॉइंटाकडे चढणारी, चौकच्या बाजूने वन ट्री हिलकडे येणारी आणि शिवाजीची शिडी ह्या नावाने ओळखली जाणारी, भिवपुरीकडून गार्बटच्या पठारावर निघणारी, ह्या साऱ्या वाटा गिर्यारोहकांच्या पुस्तकांत अलीकडे शिरल्या. त्यापूर्वी त्या बाजाराच्या वाटा होत्या, आणि काही अंशी अजून आहेत. भल्या सकाळी ह्या वाटेने हौशी तरुण पाठीवर पिशव्या टाकून धापा टाकीत चढत असतात, तेव्हा त्यांच्या शेजारून डोक्यावर पाटी घेतलेली एखादी ठाकरीण न थांबता वर निघून जाते.

मॅलेटनंतर गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन ह्याने ह्या ठिकाणी लक्ष घातले, रस्ते आखले गेले, बंगल्यांसाठी जमिनीचे भूखंड भाडेपट्ट्याने देण्यात आले, आणि माथेरानला जे रूप आले त्यात दोन निर्णय निर्णायक ठरले असे मला वाटते. पहिला निर्णय मालकीचा. जमीन सरकारची राहिली, भूखंडधारक हा भाडेकरू राहिला, आणि भूखंडाभोवतालचे रान कोणाच्याच वाट्याला न जाता रानच राहिले. ज्या आरक्षणाच्या पायी इतर नगर परिषदा मेटाकुटीला येतात, ते येथे मुळात करावेच लागले नाही. त्या काळच्या सत्ताधाऱ्यांनी हे लोककल्याणाच्या दृष्टीने केले असे मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबांना सावली हवी होती, आणि सावली हवी तर झाड तोडू द्यायचे नाही, इतका तो साधा आणि स्वार्थी हिशेब होता. परंतु स्वार्थाने घातलेली काही कुंपणे पुढे सार्वजनिक हिताची राखण करतात.

दुसरा निर्णय वाटांचा, आणि तो मला अधिक नवलाचा वाटतो. डोंगरावर घर बांधणाऱ्या कोणत्याही धनिकाची पहिली इच्छा कड्याची धार बळकावण्याची असते, कारण दरी तेथून दिसते. महाराष्ट्रातील इतर थंड हवेच्या गावी फिरून यावे, म्हणजे उत्तम देखावे कोणकोणत्या हॉटेलांच्या गच्च्यांवरून दिसतात ते कळते. माथेरानात बंगले बहुतांशी झाडीच्या पोटात गेले, आणि कड्याची धार सर्वांसाठी मोकळी राहिली. माथ्यावरून निघालेली प्रत्येक वाट वळणे घेत घेत अखेर कड्यावर जाऊन थांबते, आणि जेथे ती थांबते त्या जागेला पॉइंट म्हणतात. असे तीसहून अधिक पॉइंट येथे आहेत: पॅनोरमा, हार्ट, मलंग, पॉर्क्युपाइन, लुईझा, एको, अलेक्झांडर, रामबाग, चौक, गार्बट, कोठे साहेबांची आणि मडमांची नावे, कोठे खालच्या गावाचे नाव, कोठे समोर दिसणाऱ्या मलंगगडाचे. लुईझावरून प्रबळगडाची भिंत समोर उभी असते, पॅनोरमावरून नेरळ, उल्हासेचे खोरे आणि पेबचा किल्ला दिसतो. तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही, आणि हॉटेलात उतरलेला शेठ व वाडीवरून लाकडे घेऊन आलेला कातकरी एकाच दगडावर बसू शकतात. नगररचनेच्या पाठ्यपुस्तकांत सार्वजनिक जागेची लांबलचक व्याख्या दिलेली असते. ती पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक दिवस येथे आणून सोडावे.

उद्यान म्हणून मिरवणाऱ्या जागाही गावात आहेत. पेमास्टर पार्क आहे, माधवजी बाग आहे, ऑलिंपियाचे मैदान आहे, जेथे घोड्यांच्या शर्यती होतात. त्यांविषयी अधिक लिहिण्यासारखे मला काही आढळले नाही. ज्या गावाच्या चारी बाजूंना रान आहे तेथे कुंपणातल्या बागेला कोण विचारतो? शार्लट तलावाची गोष्ट निराळी. बांध घालून अडवलेले हे पाणी पिण्याच्या उपयोगाचे, त्याच्या काठी पिसारनाथ ह्या ग्रामदैवताचे देऊळ, आणि भोवताली दाट झाडी. पाणीपुरवठा, देवस्थान आणि फिरण्याची जागा ह्यांची अशी एकत्र बैठक जमली म्हणजे तिघांचेही रक्षण होते, कारण एकाला धक्का लागला तर गावातले निदान एक तरी टोळके ओरडल्यावाचून राहत नाही.

झाडीत मुख्यत्वे जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा आणि आंबा. अंजनीच्या फांद्यांना हिवाळा सरता सरता जांभळट निळ्या फुलांचे झुबके येतात, आणि ज्याने ते एकदा पाहिले त्याला माथेरानला मे महिन्यातच जायचे असते ह्या समजुतीची कीव येते. खालच्या उतारांवर कारवी माजलेली असते. सात-आठ वर्षांतून एकदा ती एकदम फुलते आणि मग मरून जाते. शेकरू, वानर, माकडे, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पहाटे माणसासारखी शीळ घालणारा शीळकरी कस्तूर, ही येथली ओळखीची मंडळी. त्यांतल्या माकडांविषयी फार प्रेमाने लिहिणारे लेखक बहुधा हातात खाऊची पुडी घेऊन तेथे कधी चाललेले नसावेत.

आता चाकाविषयी. नेरळहून माथेरानला जाणारी दोन फूट रुंदीची रेल्वे सर आदमजी पीरभॉय ह्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन ह्यांनी १६ लाख रुपये खर्चून बांधली आणि ती २२ मार्च १९०७ रोजी सुरू झाली. वीस फुटांना एक फूट इतका खडा चढ तिला जागोजाग चढावा लागतो, म्हणून इंजिनांची बांधणीही तीव्र वळणांना मानवेल अशी खास करवून घ्यावी लागली. २००५ च्या जुलैतील अतिवृष्टीने मार्ग उद्ध्वस्त झाला तेव्हा गाडी पुन्हा धावू लागण्यास २००७ साल उजाडले. ही रेल्वे बाजारपेठेपर्यंत येते, आणि चाकाचा अंमल तेथे संपतो. पुढे नेरळहून मोटारींचा रस्ता झाला, तोही गावाच्या वेशीवर दस्तुरी नाक्यापाशी अडवण्यात आला. तेथून पुढे पायी जावे, घोड्यावर बसावे, किंवा अमन लॉज स्थानकावरून रेल्वेची शटल पकडावी; पूर्वी माणसाने ओढलेल्या रिक्षातही बसत. ही मनाई प्रारंभी रूढीची आणि स्थानिक नियमांची होती. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने माथेरान व परिसर हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले, आणि तिला देशाच्या कायद्याचे बळ आले. ह्या अधिसूचनेने २१४.७३ चौरस किलोमीटर क्षेत्र आपल्या कक्षेत घेतले, भोवती २०० मीटरांचा राखीव पट्टा ठेवला, नगर परिषदेच्या हद्दीत रुग्णवाहिका आणि आगीचा बंब ह्यांखेरीज वाहनांना बंदी घातली, वृक्षतोडीवर व बांधकामावर निर्बंध आणले आणि देखरेखीसाठी सनियंत्रण समितीची तजवीज केली.

येथवर वाचून माथेरान हा आदर्श मानावा असा मोह वाचकाला होईल, म्हणून त्याच्या जमाखर्चाची दुसरी बाजूही मांडणे भाग आहे. चाकाला मनाई केल्याने ओझे नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी अंगावर जाते. गॅसच्या टाक्या, पिठाची पोती, सिमेंट, विटा, भाजीपाला, पाहुण्यांच्या पेट्या, हे सर्व दस्तुरीपासून पुढे हमालांच्या डोक्यावरून किंवा घोड्यांच्या पाठीवरून गेले, आणि पाहुणा स्वतः पुष्कळदा हातरिक्षातून गेला. ही हातरिक्षा पुढून एकजण ओढी आणि चढावर मागून एक-दोघे रेटीत; वाट लाल मातीची, पावसाळ्यात निसरडी, आत बसलेला माणूस बहुधा सुखवस्तू शरीराचा. ज्या सावलीचे वर्णन मी वर मोठ्या आवडीने केले, त्या सावलीचा दर ह्या लोकांच्या गुडघ्यांनी आणि छातीने भरलेला आहे. शाळेची मुले पावसात मैलमैल चालली, आजाऱ्यांना रुग्णवाहिकेची वाट पाहत बसावे लागले, आणि ज्यांनी रान राखण्याचा आग्रह धरला त्यांतले बहुतेक रविवारी संध्याकाळी मुंबईला परत गेले. ह्या विसंगतीकडे पाहण्याचे पर्यावरणप्रेमी लेखकांनी इतकी वर्षे टाळले हे मला शोभादायक वाटत नाही.

ह्या गावच्या कष्टकऱ्यांच्या घरांतून कसली माणसे निघाली हे सांगायचे, तर एक नाव पुरे आहे. भाई कोतवाल, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ह्यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानातील एका नाभिक कुटुंबात झाला. ते शिकून वकील झाले, नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, पायथ्याच्या शेतकऱ्यांसाठी झटले, आणि १९४२ मध्ये भूमिगत होऊन त्यांनी आझाद दस्ता उभारला, ज्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. त्या दस्त्याचा वावर डोंगरी पायवाटांवर आणि रानात होता, आणि ह्या मुलखातली रानवाट हवा खाण्याखेरीज आणखी कशाला उपयोगी पडते हे त्या काळात इंग्रज सरकारच्या ध्यानी आले.

ओझ्याच्या प्रश्नाकडे परत यायचे, तर हातरिक्षा ओढणाऱ्यांनी स्वतःच, आम्हांला विजेवर चालणाऱ्या रिक्षा चालवू द्या, अशी मागणी घेऊन न्यायालयाचे दार ठोठावले. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्या धावू लागल्या. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई ह्यांच्या पीठाने निःसंदिग्ध हुकूम दिला: माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष असून ती सहा महिन्यांत बंद झाली पाहिजे. सायकल-रिक्षावाल्यांसंबंधी १९८० सालीच ह्या न्यायालयाने जे म्हटले होते, त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनीही ही प्रथा चालू राहावी, ह्याबद्दल पीठाने खेद दर्शविला.

त्याच हुकुमात मातीचाही निकाल आहे, आणि तो समजण्यासाठी वर अर्धवट सोडलेली मातीची कैफियत पुरी केली पाहिजे. जांभ्याची ही माती झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेली असते. वाटेवर मुळे नसतात, आणि उन्हाळ्यात घोड्यांच्या टापा व माणसांच्या टाचा तिचे पीठ करून ठेवतात. हे पीठ मेच्या वाऱ्यात झाडांच्या पानांवर जाऊन बसते, आणि जूनच्या पहिल्या सरींत उरलेले दरीत वाहून जाते. दरवर्षी वाट थोडी खोल जाते, कडेच्या झाडांची मुळे उघडी पडतात, आणि एखाद्या वादळी रात्री शंभर वर्षांचे झाड उन्मळते. तेव्हा वाट बांधून काढावी, असे कोणालाही सुचेल, आणि त्याप्रमाणे नगर परिषदेने मातीचे भाजलेले ठोकळे, म्हणजे क्ले पेव्हर ब्लॉक, बसवायला घेतले. ह्यावरून गावात दोन तट पडले. एकाचे म्हणणे, धूप थांबेल, धूळ जाईल, म्हातारी माणसे पाय न घसरता चालतील. दुसऱ्याचे म्हणणे, घोड्यांचे पाय घसरतील, आज ठोकळे आले की उद्या त्यांवरून मोटारी येतील, आणि माथेरानचे माथेरानपण तेथेच संपेल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण दुसऱ्या बाजूची भीती मला अधिक खरी वाटते, आणि धूप थांबेल ही पहिल्या बाजूची आशा तितकी भरवशाची वाटत नाही, कारण कठीण पृष्ठभागावरून पाणी वेगाने धावते आणि जेथे तो संपतो तेथे दुप्पट जोराने माती उकरते, हे कोणत्याही घाटरस्त्याच्या कडेला उभे राहून पाहता येते. न्यायालयाने मध्यम मार्ग धरला: दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ठोकळे बसवावे, खाली काँक्रीटचा थर घालू नये, आणि आतल्या वाटांना व पदभ्रमणाच्या मार्गांना हात लावू नये. म्हणजे चाकासाठी एक रस्ता आणि पॉइंटांकडे जाणारे बाकीचे सर्व मार्ग पायांसाठी, अशी वाटणी आता झाली आहे.

ही वाटणी मला पटते, आणि तिची खरी परीक्षा परवान्यांच्या यादीत होणार आहे. राज्य सरकारने ई-रिक्षा विकत घेऊन त्या प्रथम हातरिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, खरे ओढणारे कोण ते सनियंत्रण समितीने ठरवावे, उरलेल्या रिक्षा परिसरातील आदिवासी स्त्रिया व इतर गरजूंना द्याव्यात, आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असे हुकुमात आहे. घोडेवाल्यांना आपला धंदा बसण्याची धास्ती वाटते, आणि ती अवाजवी नाही. दस्तुरीपासून बाजारापर्यंतचे भाडे हाच त्यांच्या दिवसाच्या कमाईचा भरवशाचा भाग होता, पॉइंटांवरची फेरी हा गिऱ्हाइकाच्या लहरीचा. हॉटेलवाल्यांना रिक्षांची संख्या वाढावी असे वाटते, जुन्या बंगलेवाल्यांना ती मुळीच वाढू नये असे वाटते. किती रिक्षा असाव्यात हा आकडा न्यायालयाने ठरवून दिलेला नाही. स्थानिक परिस्थिती पाहून तो ठरवण्याचे काम समितीकडे आहे, आणि माथेरानचे रान पुढल्या पन्नास वर्षांत कसे असेल हे त्या आकड्यावर, आणि दस्तुरीच्या नाक्यावर उभ्या असणाऱ्या शिपायाच्या कसोशीवर, बरेचसे अवलंबून राहील.